टपालाने पाठवलेला सर्व्हे भरून परत यावा म्हणून

सांगलीतल्या आमच्या प्रेसमध्ये पतसंस्था, दूध संस्था, द्राक्ष बागायतदारांचे गट सर्व्हेचे फॉर्म छापायला येतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला : हजार छापू की दोन हजार? आमचा सल्ला वेगळा असतो. पंधराशे जणांना एकदा पाठवण्याऐवजी यादीतून चिठ्ठ्या टाकून पाचशे निवडा आणि त्यांनाच तीनदा लिहा. खर्च साधारण तेवढाच येतो.

नुसत्या संख्येवर विसंबू नका. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मत विचारलं. तेवीस लाखांवर उत्तरं आली, अंदाज लँडन या उमेदवाराच्या बाजूने निघाला आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. यादी खात्यापित्या घरांकडे झुकलेली होती, शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं नाही त्यांचा कल वेगळा होता. आपल्याकडेही फार चिडलेला सभासद लिहितो, फार खूश असलेला लिहितो. मधला गप्प राहतो. त्याच्यासाठीच स्मरणपत्र.

डॉन डिलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ मध्ये मांडलेला क्रम आम्ही पाळतो. फॉर्म गेल्यावर आठवड्याने सगळ्यांना एक कार्ड : ‘पाठवला असेल तर आभार, राहिला असेल तर आज पाठवा.’ तिसऱ्या आठवड्यात उत्तर न आलेल्यांना नवं पत्र आणि फॉर्मची दुसरी प्रत, कारण पहिली बहुतेक हरवलेली असते. ही दुसरी प्रत वाचवायला जाऊ नका.

कोणाचा फॉर्म आला हे कळायला त्यावर क्रमांक लागतो. तो कशासाठी आहे हे पत्रात सरळ सांगा : फक्त यादीतलं नाव खोडायला. लपवलेला क्रमांक लोकांच्या लक्षात येतो, आणि मग विश्वास जातो.

परतीच्या पाकिटावर पत्ता छापलेला हवा आणि खरं तिकीट चिकटवलेलं हवं. चिकटवलेलं तिकीट फेकून द्यायला माणसाचा हात धजत नाही. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद साडेचार ग्रॅमच्या आत भरतो. म्हणून पत्राचा एक कागद, पाठपोट छापलेला फॉर्म आणि घडी घातलेलं परतीचं पाकीट एवढंच ठेवा. आम्ही वजन करूनच छपाईला घेतो. भेट द्यायची तर छोटं कॅलेंडर पहिल्याच पाकिटात घाला. ‘फॉर्म भरल्यावर बक्षीस’ यापेक्षा आधी दिलेली लहानशी वस्तू जास्त उपयोगी पडते. पाकिटात नोट मात्र घालू नका.

वेळ सांभाळा. तासगाव भागात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असताना गेलेला फॉर्म कोनाड्यात पडून राहतो. कृष्णाकाठच्या गावांना जुलै-ऑगस्टमध्ये पाठवूच नका. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांचं लक्ष तेव्हा नदीच्या पाण्याकडे असतं.

यादी आणताना मु. पो., तालुका, पिन कोड आणि असेल तर मळ्याचं किंवा वस्तीचं नाव घेऊन या. आलेल्या उत्तरांची टक्केवारी काढताना ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडून परत आलेली पाकिटं आम्ही वेगळी मोजतो आणि ती तुम्हाला परत देतो, म्हणजे सभासदांची यादीही दुरुस्त होते.