मोराचा पिसारा आणि लांडोरीचा कौल

कुठलीही मोठी निसर्गमालिका घ्या, तिच्यात जोडी जमवण्याचा एक भाग असतोच. न्यू गिनीच्या जंगलात एखादा पक्षी पिसांचा घागरा करून गिरकी घेतो, समुद्रतळाशी एखादा मासा वाळूत नक्षी कोरतो आणि निवेदन सांगतं की हा सगळा खटाटोप मादीने निवड करावी म्हणून चाललाय. आज हे वाक्य आपण सहज ऐकून घेतो. पण ते मान्य व्हायला शंभर वर्षं लागली आणि त्यातला बराच काळ कॅमेऱ्याचं सगळं लक्ष नराकडेच होतं.

सुरुवात मोरापासूनच करावी लागते. 3 एप्रिल 1860 रोजी चार्ल्स डार्विनने अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं की मोराच्या शेपटीतलं पीस नजरेस पडलं तरी मला मळमळतं. जगण्याच्या झगड्यात हा भला मोठा पिसारा उपयोगाचा तर नाहीच, उलट ओझंच. मग तो टिकला कसा? 1871 मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात डार्विनने उत्तर दिलं. काही गुण नर एकमेकांशी झुंजतात म्हणून वाढतात आणि काही मादीला आवडतात म्हणून. झुंजीचं म्हणणं लोकांना लगेच पटलं. मादी पारखते, नाकारते आणि तिच्या आवडीने पिढ्यान्‌पिढ्या नराचं रूप घडत जातं, हे मात्र व्हिक्टोरियन इंग्लंडच्या गळी उतरेना. उत्क्रांतीच्या कल्पनेत डार्विनचे सहकारी असलेले आल्फ्रेड रसेल वॉलेससुद्धा इथे त्यांच्यासोबत नव्हते. भडक रंग नराच्या अंगातल्या जोमातून येतात आणि अंड्यांवर बसणारी मादी लपून राहावी म्हणून मळकट असते, असं त्यांचं म्हणणं.

चलच्चित्राचा कॅमेरा आला तो या पार्श्वभूमीवर. 1912 च्या वसंतात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या जलाशयांवर तुरेवाल्या मोठ्या टिबुकल्या या पाणपक्ष्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. या पक्ष्यांत नर-मादी सारखेच दिसतात. चोचीत पाणवनस्पती धरून दोघं पाण्यातून छातीला छाती लावून उभे राहतात. 1914 मध्ये हक्सले यांनी त्यावर लिहिलेला शोधनिबंध आजही वाचला जातो. पण त्यांचा भर मादीच्या निवडीवर नव्हता, जोडीतलं नातं घट्ट होण्यावर होता. पुढे रोनाल्ड लॉकली यांच्यासोबत वेल्सजवळच्या ग्रासहोम बेटावर त्यांनी ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द गॅनेट्स’ हा गॅनेट या समुद्रपक्ष्यांवरचा लघुपट केला. 1934 च्या या लघुपटाला नंतर ऑस्कर मिळालं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झाँ पेंलव्हे समुद्रघोड्यांचं चित्रण करत होते. समुद्रघोड्याची मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि पिल्लांना जन्म नर देतो. बाप प्रसूत होताना पडद्यावर दिसणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

हे युरोपात घडत असताना आपल्याकडे अलिबागजवळच्या किहीमला, कॅमेऱ्याशिवाय, एक फार मोलाचं काम झालं. जर्मनीहून शिकून परतलेल्या सलीम अलींना तेव्हा नोकरी नव्हती आणि मुक्काम किहीमला होता. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली. पिवळ्या टोपीचा नर घरटं विणायला घेतो आणि ते अर्ध्यावर आलं की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, विणीची पारख करतात. एखादीने घरटं पसंत केलं, की जोडी जमते आणि नर खालची लांब नळी विणून काम पुरं करतो. अंडी उबवणं तिच्याकडे. नर लगेच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. माझ्या मते या इतिहासात सलीम अलींच्या या निरीक्षणाला मिळते त्याहून बरीच वरची जागा मिळायला हवी. निर्णय मादीचा असतो हे त्यात स्वच्छ दिसतं, तेही हा विषय जगभर मागे पडला होता तेव्हा.

पडद्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. डिस्नेने 1948 मध्ये अलास्कातल्या प्रिबिलोफ बेटांवरच्या सीलवर लघुपट काढला. त्यात जनानखान्यासाठी भांडणारे नर होते आणि ऑस्करही त्याला मिळालं. घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायचा निसर्गपट ही वाट तिथून रुंद झाली, पण त्या वाटेवर सोवळंही फार होतं. डिस्नेच्याच 1954 च्या ‘द व्हॅनिशिंग प्रेअरी’ या चित्रपटात बायसनच्या वासराचा जन्म दाखवला होता, तर न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने तेवढ्यासाठी चित्रपटावर बंदी घातली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तक्रार केल्यावर ती उठली.

1957 साली ब्रिस्टलमध्ये बीबीसीचा निसर्गविभाग स्थापन झाला. त्याच वर्षी निसर्गपटकार डेव्हिड अॅटनबरो न्यू गिनीत बर्ड ऑफ पॅरडाइज या पक्ष्याचं नृत्य टिपून आले. जगातल्या सर्वांत रंगीत पिसाऱ्यांपैकी एक ब्रिटिश प्रेक्षकांनी काळ्यापांढऱ्या पडद्यावर पाहिला.

खरी कलाटणी 1970 नंतरची. पिल्लांसाठी जो जास्त झिजतो तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ असतो, हे जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये मांडलं. 1975 मध्ये आमोत्झ झहावी म्हणाले की पिसारा जड आहे म्हणूनच तो खात्रीचा पुरावा ठरतो, कारण दुबळ्या नराला तो पेलणारच नाही. 1982 मध्ये माल्टे अँडरसन यांनी केनियातल्या लांब शेपटीच्या विडोबर्ड नरांवर साधासा प्रयोग केला. काहींच्या शेपट्या कापल्या आणि ते तुकडे इतरांना चिकटवले. वाढवलेल्या शेपटीच्या नरांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. डार्विनचं म्हणणं आता मैदानात तपासून झालं होतं. त्यात डीएनए चाचणी आली. पक्ष्यांच्या दहातल्या नऊ जाती एकनिष्ठ जोडीने राहतात असं 1968 मध्ये डेव्हिड लॅक यांनी लिहिलं होतं. आता कळलं की जोडी एकत्र असली तरी घरट्यातली काही पिल्लं दुसऱ्याच नराची असू शकतात. निसर्गपटांतल्या सुखी कुटुंबांच्या गोष्टी त्यानंतर पूर्वीसारख्या सांगता येईनात.

तरी एक अडचण राहतेच. नाच टिपता येतो, निवड टिपणं कठीण, कारण निवडणारी बहुतेक वेळ नुसती उभी असते. इथे नव्या कॅमेऱ्यांनी मदत केली. 2013 मध्ये जेसिका योर्झिन्स्की आणि सहकाऱ्यांनी लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारे छोटे कॅमेरे बसवले. लांडोरी पिसाऱ्याच्या वरच्या भागापेक्षा खालच्या भागाकडे अधिक पाहतात, असं त्यात दिसलं. 2016 मध्ये रॉझलिन डेकिन यांच्या गटाने वेगवान चित्रण तपासलं. नर पिसारा सेकंदाला सुमारे 25 वेळा थरथरवतो आणि तरी त्यावरचे डोळे जवळजवळ स्थिर दिसतात.

मोरावर एवढं काम झालेलं असताना 2017 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. ही समजूत आपल्या गावांतही ऐकू येते. खरं तर मोर इतर पक्ष्यांसारखाच लांडोरीच्या पाठीवर चढतो आणि काही सेकंदांत मीलन होतं. त्याचं चित्रणही उपलब्ध आहे. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला, राष्ट्रीय पक्ष्याचं नाव शिकवताना, ते दाखवायला काहीच हरकत नाही. आणि त्याआधीची ती लांबलचक वेळही दाखवावी, ज्यात लांडोर एका मोराकडून दुसऱ्याकडे जाते, थांबते, पाहते आणि बहुतेकांना नाकारून पुढे निघून जाते.