पार्श्वभूमी : सुसंगत भाव आणि अनंताची बेरीज

पैजेच्या भावातून संभाव्यता मोजायची पद्धत सतराव्या शतकातल्या जुगाराच्या हिशेबांइतकी जुनी आहे. आजचा वाद मात्र १९३०च्या आसपासचा : संभाव्यतांच्या बेरजेचा नियम अनंत घटनांनाही लावायचा का?

अट अशी. १०० रुपये देणाऱ्या चिठ्ठीचा भाव तुम्ही सांगायचा. ती तुम्हाला विकायची की तुमच्याकडून घ्यायची, हे समोरचा ठरवणार. ‘उद्या पाऊस पडेल’ला ६० आणि ‘पडणार नाही’ला ५० लावलेत, तर तो दोन्ही चिठ्ठ्या तुमच्या गळ्यात मारेल. तुमचे ११० गेले, १०० आले. पाऊस पडो न पडो, १० रुपयांचा खड्डा ठरलेला. असा हमखास तोटा ज्यांत संभवत नाही, ते भाव सुसंगत. संभाव्यतेच्या बेरजेचा नियम यातूनच निघतो : एकाच वेळी न घडणाऱ्या घटनांपैकी कोणती तरी घडण्याची संभाव्यता म्हणजे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज. केंब्रिजमधल्या एका तरुणाने १९२६ साली आणि त्याच सुमारास एका इटालियन गणितज्ञाने स्वतंत्रपणे हे ओळखले.

पण या युक्तिवादातून निघते ती सांत बेरीज, म्हणजे मोजून संपणाऱ्या घटनांची. एकाच वेळी न घडणाऱ्या अनंत घटना असतील तर? १, २, ३… अशा न संपणाऱ्या चिठ्ठ्यांची सोडत घ्या, सगळ्यांना समान संधी. प्रत्येकीचा भाव शून्यच ठेवावा लागतो, तरी कोणती तरी एक निघणार हे नक्की, म्हणजे एकूण १ (१ म्हणजे पूर्ण १०० रुपये). अनंत घटनांनाही बेरजेचा नियम लागतो असे मानले, तर शून्यांची बेरीज शून्यच, म्हणून अशी सोडतच बाद होते. १९३० साली चोविशीतल्या त्या इटालियनाचा याच मुद्द्यावर एका ज्येष्ठ फ्रेंच गणितज्ञाशी छापील वाद झाला. विरोधकांचे म्हणणे, सगळ्या चिठ्ठ्या शून्य भावाने विकणारा नक्की बुडतो. इटालियनाचे उत्तर, अनंत पैजा एकदम लावतो कोण? हे उत्तर मला आजही बिनतोड वाटते.

१९३३च्या रशियन स्वयंसिद्धकांनी, म्हणजे संभाव्यतेसाठी गृहीत धरलेल्या मूळ नियमांनी, अनंत बेरीज पायातच घातली. खुद्द कर्त्याने मात्र तिला अनुभवाचा अर्थ देणे जवळपास अशक्य असल्याचे म्हटले आणि सोयीसाठी ती स्वीकारली. पुढे पाठ्यपुस्तकांत ही सोय सत्य म्हणून रुळली. इटालियनाने त्रिएस्तेच्या विमा कंपनीत नोकरी करत असताना, १९३५ साली पॅरिसच्या व्याख्यानांत आपली बाजू मांडली. ती १९३७ साली छापली गेली.

सांत बेरजेलाही किंमत मोजावी लागतेच. दोघांनी एकमेकांना न विचारता, कोणत्याही संख्येला झुकते माप न देता एकेक संख्या निवडली. पहिल्याची संख्या कळली की दुसऱ्याची मोठी असण्याचा भाव १. दुसऱ्याची कळली की त्याच गोष्टीचा भाव ०. अशी विसंगती अपवादात्मक नाही, हे १९८४ साली तीन अमेरिकन संशोधकांनी दाखवले. त्याआधी १९७५ साली, खरेदी आणि विक्रीचे भाव वेगळे ठेवणाऱ्या एका मांडणीने ती चालवून घेतली होती. १९९१च्या दुसऱ्या मांडणीने तिला मज्जाव केला.