इंग्लंडच्या खेड्यांतलं मासिक : पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये शहर सोडून एखाद्या खेड्यात राहायला गेलं, की महिन्या-दीड महिन्यात दाराच्या टपालफटीतून एक छोटं मासिक आत पडतं. ए-४ कागद मधोमध दुमडलेले, घडीवर दोन पिना, मुखपृष्ठावर चार-सहा गावांची नावं. आत व्हिकरचं (गावच्या पाद्र्याचं) पत्र, कोणत्या रविवारी कोणत्या चर्चमध्ये प्रार्थना याचा तक्ता, पॅरिश कौन्सिल या गावच्या मंडळाच्या बैठकीचा गोषवारा, विमेन्स इन्स्टिट्यूट या स्त्रियांच्या संघटनेचा कार्यक्रम आणि फिरत्या वाचनालयाच्या गाडीची वेळ असते. शेवटच्या पानांवर धुराडी साफ करणाऱ्यांच्या, जळाऊ लाकूड पोचवणाऱ्यांच्या आणि सेप्टिक टँक उपसणाऱ्यांच्या जाहिराती. हे चर्चचं मासिक की गावाचं, असा प्रश्न नवख्याला पडतो. गावात विचारलं तर उत्तरं दोन मिळतात, आणि दोन्ही बरोबर असतात. चर्चचा कारभार आणि गावाचा कारभार कायद्याने केव्हाच वेगळे झाले. मासिकात मात्र ते अजून एकत्र नांदतात.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची हद्द. सोळाव्या शतकापासून सरकारने तिच्यावर एकेक करून गावकारभाराची कामं लादली. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची डागडुजी पॅरिशकडे आली. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं होतं, पुढे त्याचे सहा दिवस झाले. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसणं आणि त्यासाठी कर बसवणं हेही पॅरिशचंच काम ठरलं. हे सगळे निर्णय होत ते व्हेस्ट्रीत. व्हेस्ट्री म्हणजे पाद्री झगा चढवतो ती चर्चमधली खोली. तिथे भरणाऱ्या सभेलाही तेच नाव पडलं.

या सभेत सगळे सारखे नव्हते. १८१८ च्या कायद्याने करपात्र मालमत्तेवर मतं मोजायला सुरुवात झाली. ५० पौंडांच्या आत एक मत, त्यापुढे दर २५ पौंडांना आणखी एक, असं करत एका माणसाला कमाल सहा मतं. म्हणजे दोन-तीन मोठे शेतकरी आणि जमीनदाराचा कारभारी एका बाजूला बसले, की बाकी गावाने हात वर करून उपयोग नसे.

बातमी पोचवण्याची सोयही चर्चमध्येच होती. कराची आकारणी, सभांच्या वेळा, सरकारी फर्मानं हे सगळं रविवारच्या उपासनेत वाचून दाखवलं जाई, कारण गाव एका ठिकाणी सापडण्याची तीच वेळ. १८३७ च्या पॅरिश नोटिसेस कायद्याने ही प्रथा थांबवली आणि अशा नोटिसा लेखी करून चर्चच्या दारावर लावायला सांगितलं. गावच्या नोटीस बोर्डाचं मूळ या दारात आहे. आजही बऱ्याच गावांत बोर्ड चर्चच्या फाटकालगत दिसतो. वाचून दाखवायचं राहिलं ते लग्नाच्या जाहीर घोषणेचं. चर्चमध्ये लग्न करायचं तर ती अजून तीन रविवार वाचली जाते.

याच काळात पॅरिशच्या हातातून एकेक गोष्ट निसटत गेली. १८३४ मध्ये गरिबांची व्यवस्था अनेक पॅरिश मिळून केलेल्या युनियनकडे गेली. १८६८ मध्ये चर्चसाठीची सक्तीची करवसुलीही बंद झाली. व्हिकरकडे अधिकार उरला थोडा, आणि गावात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगळ्या ख्रिस्ती पंथांचे, व्हिकरच्या चर्चमध्ये पाऊल न टाकणारे लोक वाढत चालले होते. घरोघरी पोचायला त्याला दुसरं साधन हवं होतं.

ते मिळालं डर्बी शहरात. तिथल्या सेंट मायकेल चर्चचे व्हिकर जॉन अर्स्किन क्लार्क यांनी जानेवारी १८५९ मध्ये एका पेनीचं मासिक काढलं आणि ते इतर पॅरिशनाही विकायला सुरुवात केली. यातली युक्ती मजकुरापेक्षा छपाईच्या हिशेबात होती. गोष्टी, कविता, चित्रं, उपदेश असा सर्वांना चालणारा मजकूर एका ठिकाणी मोठ्या संख्येने छापायचा. प्रत्येक पॅरिशने हव्या तेवढ्या प्रती घाऊक घ्यायच्या आणि वरून स्वतःच्या दोन-चार पानांचं वेष्टन घालायचं. त्या पानांत आपले बाप्तिस्मे, आपली लग्नं, आपल्या शाळेची उपस्थिती, कोळसा-भिशीचा हिशेब. आतल्या छापील भागाला ‘इनसेट’ म्हणत. गावाला जुळणी करावी लागे ती तेवढ्या वेष्टनाचीच, म्हणून दोन-तीनशे वस्तीच्या गावालाही मासिक परवडू लागलं. वेळही साधली होती. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये गेला, वर्तमानपत्रांची स्टँप ड्युटी १८५५ मध्ये, आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये. पुढे ‘होम वर्ड्स’ आणि ‘द साइन’ हे इनसेट गावोगाव पोचले.

जुन्या अंकांचा अभ्यास करणाऱ्यांची एक अडचण याच युक्तीतून आली. इनसेट सगळीकडे सारखाच. स्थानिक इतिहास आहे तो वेष्टनात, आणि वर्षाचे अंक एकत्र बांधताना पुष्कळदा नेमकं वेष्टनच फाडून टाकलं गेलं.

खरी फारकत झाली १८९४ मध्ये. शेतमजुरांना १८८४ मध्ये संसदेच्या निवडणुकीत मत मिळालं होतं. दहा वर्षांनी लोकल गव्हर्न्मेंट कायद्याने त्यांना गावातही मत दिलं. ३०० किंवा जास्त लोकसंख्येच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडून आलेलं कौन्सिल मिळालं. त्याहून लहान गावांसाठी सगळ्या मतदारांची सभा. व्हेस्ट्रीचे गावकारभाराचे अधिकार या नव्या मंडळाकडे आले. स्त्रियांना, अगदी विवाहित स्त्रियांनाही, मत देता येऊ लागलं आणि निवडणूक लढवता येऊ लागली. पहिल्या निवडणुका त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाल्या.

कायद्याच्या बारीक कलमांत तेव्हाचं गाव दिसतं. पॅरिशची सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करायची नाही, कारण मजूर तोवर शेतावर असे. दारूच्या गुत्त्यात सभा घ्यायची नाही, दुसरी जागा फुकट किंवा माफक भाड्यात मिळत नसेल तरच. हे दोन्ही नियम १९७२ च्या कायद्यातही जवळजवळ जसेच्या तसे उतरले. आजही वार्षिक पॅरिश सभा १ मार्च ते १ जून यांच्या दरम्यान आणि सहानंतरच भरते.

चर्चच्या बाजूला १९२१ मध्ये पॅरोकियल चर्च कौन्सिल हे चर्चचा कारभार बघणारं मंडळ आलं. तेव्हापासून एका गावात पॅरिश नावाची दोन मंडळं आहेत. दफनभूमीतलं गवत कोण कापणार या प्रश्नावर दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू शकतो. आपल्याकडच्या वाचकाला पॅरिश कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायत वाटेल, पण त्याच्याकडे शाळा नाही, नळाचं पाणी नाही, आणि सरपंचासारखा थेट निवडलेला प्रमुखही नाही. अध्यक्ष दर मे महिन्यात सदस्यच आपल्यातून निवडतात. पैसा येतो तो प्रिसेप्टमधून. कौन्सिल वर्षाला लागणारी रक्कम ठरवतं, आणि वरची संस्था ती घरपट्टीबरोबर वसूल करून देते. त्यात बाकं, खेळाचं मैदान, बसथांबा, भाजीचे वाफे आणि अर्धवेळ क्लार्कचा पगार भागवायचा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मासिकाला तिसरा मजकूर मिळाला. विमेन्स इन्स्टिट्यूट ही मूळची कॅनडातली चळवळ, १८९७ ची. ब्रिटनमधली पहिली शाखा सप्टेंबर १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर निघाली. युद्धानंतर अनेक गावांनी स्मारक म्हणून सभागृहं बांधली, काहींनी लष्कराच्या जुन्या लाकडी बराकी विकत घेऊन उभ्या केल्या. नाटक, नाच, पत्ते, फुलांचं प्रदर्शन यांना चर्चबाहेर छप्पर मिळालं, आणि त्यांच्या तारखा छापायला जागा होती ती व्हिकरच्याच मासिकात.

मुखपृष्ठावर अनेक गावांची नावं आली ती त्यानंतर. खेड्यांतली वस्ती आटली, पाद्री कमी पडू लागले. लिंकनशायरमधल्या साउथ ऑर्म्सबी भागात १९४९ पासून लहान-लहान पॅरिशचा गट करून ती एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला, आणि १९६८ च्या पास्टोरल मेझर या चर्चच्या कायद्याने अशा गटांना रीतसर चौकट दिली. पाच चर्च आणि एक व्हिकर म्हटल्यावर पाच मासिकं कोण काढणार? ती एक झाली. प्रार्थनांचा तक्ता आला तोही इथूनच. पहिल्या रविवारी या गावात, दुसऱ्या रविवारी त्या गावात, आणि महिन्यात पाचवा रविवार आला तर बहुधा सगळ्या गावांची एकत्र प्रार्थना, पाळीपाळीने एकेका चर्चमध्ये. या तक्त्याइतक्या चुका अंकात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. मागच्या महिन्याचा तक्ता उचलायचा, तारखा बदलायच्या आणि वेळा तशाच ठेवायच्या, हे हमखास घडतं. कुलूपबंद चर्चपुढे दहा माणसं उभी राहिली की चूक कळते.

एकत्र मासिक स्वस्तात निघालं ते सायक्लोस्टाईलमुळे. डेव्हिड गेस्टेटनरचं हे यंत्र लंडनमध्ये १८८१ च्या सुमारास आलं. आपल्याकडच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि युनियनची पत्रकं ज्यावर निघत तेच. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणकागदावर अक्षरं ठोकायची. अक्षराच्या जागचं मेण निघतं, आणि शाई तेवढ्यातूनच झिरपते. जोर जास्त झाला तर ‘ओ’सारख्या अक्षराचं पोट गळून पडतं आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटतो. चूक झाली तर दुरुस्तीचं द्रावण लावून वाळवायचं आणि त्यावर पुन्हा ठोकायचं. कागद शाई पिणारा, खरबरीत लागे. गुळगुळीत घेतला तर ओली शाई वरच्या पानाच्या पाठीवर उठे. दमट हॉलमध्ये ठेवलेली रिमं फुगत आणि यंत्र एकदम दोन-दोन पानं ओढे. एका मेणकागदावर काहीशे प्रती आरामात निघत, आणि गटातल्या सगळ्या घरांना तेवढ्या पुरत. १९८० च्या दशकात जपानी रिसोग्राफ आला. त्यात मेणकागद यंत्रच कापतं. पुढे संगणक आणि डिजिटल छपाई आली.

यंत्र बदललं तरी घडीचं गणित तेच राहिलं. ए-४ कागदाच्या एका घडीत चार पानं बसतात, म्हणून अंकाची पानं चारच्या पटीतच हवीत. ३३ वं पान आलं की ३६ भरावी लागतात. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद ५ ग्रॅम भरतो. ३२ पानी अंकाला आठ कागद लागतात, म्हणजे ४० ग्रॅम. साध्या पत्राची मर्यादा १०० ग्रॅम, म्हणून गाव सोडून गेलेल्या वर्गणीदाराला तो साध्या दरात टपालाने जातो. पानं फार वाढली की आतले कागद घडीतून बाहेर सरकतात. कडा कापाव्या लागतात, आणि समासाशी चिकटून लिहिलेला फोन नंबर त्या कापण्यात जातो. जाहिरातदार पैसे देतात ते या नंबरासाठी. बाकी घोळ मजकूर पाठवणाऱ्यांचा. भिंतीवरचं पोस्टर जसंच्या तसं पाठवतात, ते निम्म्या पानात वाचता येत नाही. मोबाइलवरून आलेला आक्रसलेला फोटो छापल्यावर धुरकट दिसतो. आणि ‘शनिवार १४’ लिहिलेलं असतं तेव्हा १४ तारखेला रविवार असतो. मग चुकलं काय, वार की तारीख, हे फोन करून विचारावं लागतं.

मासिकाची वेगळी अडचण वेळेची. मजकूर महिन्याच्या मध्याला थांबतो, अंक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला घरात पडतो, आणि पुष्कळ ठिकाणी उन्हाळ्याचा व ख्रिसमसचा अंक जोडून निघत असल्याने वर्षाला दहाच अंक. कौन्सिलची इतिवृत्तं पुढच्या बैठकीत मंजूर होतात. मंजूर प्रतीची वाट पाहिली तर बातमी दोन महिने शिळी, कच्ची छापली तर कोणीतरी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून पत्र लिहितो. बांधकाम परवानगीच्या अर्जावर हरकत घ्यायला साधारण २१ दिवस मिळतात. अंक हाती येईपर्यंत मुदत टळलेली असते. कौन्सिलवरची जागा मध्येच रिकामी झाली तर निवडणूक मागायला दहा मतदारांची लेखी मागणी १४ कामकाजाच्या दिवसांत लागते. नाही आली तर कौन्सिल स्वतःच कुणाला तरी नेमून घेतं. ही नोटीस मासिकाच्या भरवशावर सोडली तर निवडणूक कधी होणारच नाही.

म्हणून कायद्याचा भर अजून बोर्डावर आहे. बैठकीची नोटीस गावात ठळक जागी, तीन पूर्ण दिवस आधी. लावल्याचा दिवस, बैठकीचा दिवस, रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत. मंगळवारच्या बैठकीची नोटीस गुरुवारपर्यंत लागली पाहिजे. ती शुक्रवारी लागली तर बैठकीतल्या ठरावांना आव्हान देता येतं. या नियमांवरून गावं किती हातघाईवर येतात हे फेब्रुवारी २०२१ मध्ये जगाने पाहिलं. चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची झूमवरची बैठक इंटरनेटवर लाखोंनी बघितली, आणि भांडण चाललं होतं ते बैठक रीतसर बोलावली आहे की नाही, यावर.

चर्च आणि कौन्सिल यांच्यातला पैशाचा प्रश्नही १८९४ मधूनच आलेला. त्या कायद्याने कौन्सिलला मालमत्तेबाबत जे अधिकार दिले, त्यांतून चर्चची मालमत्ता वगळली होती. चर्चची भिंत, घड्याळ किंवा छप्पर यासाठी प्रिसेप्टमधून पैसे देता येतात की नाही, यावर सल्लागारांची मतं दुभंगली होती. त्याच चर्चच्या इमारतीत गावाची कॉफीची सकाळ आणि टपाल कचेरीचा फिरता काउंटर भरत असला, तरी सावध क्लार्क नाहीच म्हणत. २०२३ च्या लेव्हलिंग-अप कायद्याने खुलासा केला, की जुन्या कलमामुळे कौन्सिलच्या इतर कायद्यांखालच्या अधिकारांना बाधा येत नाही. छपराचा अर्ज आता फेटाळायचा तर कौन्सिलला १८९४ कडे बोट दाखवता येत नाही. पैसे नाहीत किंवा द्यायचे नाहीत, असं इतिवृत्तात लिहावं लागतं, आणि तो गोषवारा महिनाभराने व्हिकरच्या पत्राशेजारी छापून येतो.