फूल की दोन पानं: गोव्याच्या 1967 च्या कौलामागचा इतिहास

16 जानेवारी 1967 ला गोव्यात जे मतदान झालं, त्यात उमेदवार कुणीच नव्हता. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती, एक फूल आणि दुसरं दोन पानांचं. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा, केंद्रशासित. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा.

महाराष्ट्रात हा कौल अजूनही दोन शब्दांत उरकला जातो: गोव्याने मराठी नाकारली, किंवा ख्रिश्चनांनी हिंदूंना हरवलं. मला ही दोन्ही उत्तरं गोव्यावर अन्याय करणारी वाटतात. गोव्यात हिंदूंची संख्या तेव्हाही जास्त होती. मतं धर्मावर पडली असती, तर फूल हरलं नसतं. मग मतं कशावर पडली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

ज्याला आपण सरसकट ‘साडेचारशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य’ म्हणतो, ते सगळ्या गोव्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. आफोंसो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये आदिलशहाकडून घेतला तो तिसवाडीचा भाग. बारदेश आणि सासष्टी 1543 मध्ये त्याला जोडले गेले. या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख. धर्मांतरं, देवळांची मोडतोड, 1560 पासूनचं इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1684 चा कोकणीवर बंदी घालणारा हुकूम, या सगळ्याचा खरा मार इथल्या गावांनी खाल्ला. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती लागला 1763 मध्ये. सोंदेकर राजांचा दक्षिणेकडचा मुलूख, सावंतवाडीकरांकडची डिचोली आणि सत्तरी, आणि सरतेशेवटी 1788 मध्ये पेडणे, या नव्या काबिजादी. तोवर पोर्तुगिजांचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता आणि या भागातल्या देवाधर्माला हात लावणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. एवढ्याशा प्रदेशाच्या दोन अंगांमध्ये सव्वादोनशे वर्षांचं अंतर पडलं ते असं.

या दोन अंगांच्या मधल्या सीमेवरून लोक देव घेऊन पळाले आहेत. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांचा नव्हता, म्हणून हे देव वाचले. मंगेशीच्या दीपमाळेसमोर आज हात जोडून उभ्या राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असतं, की हा देव आपलं मूळ गाव सोडून आलेला आहे? आणि कुठ्ठाळीत जे मागे राहिले, बाटले, त्यांच्या घरांतही कोकणीच राहिली. नदीच्या अलीकडे, फोंड्याच्या बाजूला, भजन-कीर्तन, पोथ्या आणि शाळा मराठीत, पलीकडे पोर्तुगीज शाळा आणि रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोकणी. चुलीपाशी मात्र दोन्हीकडे एकच भाषा.

दुसरी फाळणी जमिनीची होती, आणि माझ्या मते 1967 समजायला तीच जास्त उपयोगी पडते. भाटकार म्हणजे जमिनीचा, माडांच्या बागायतीचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. घर मुंडकाराचं, पण घराखालची जमीन भाटकाराची. त्यामुळे मालकाची मर्जी फिरली की संसार रस्त्यावर. भाटकार हिंदूही होता, ख्रिस्तीही होता.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी पहिली निवडणूक आली. दिल्लीला वाटलं होतं, काँग्रेस सहज जिंकेल. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा संयुक्त गोवा पक्ष 12 जागांसह विरोधात बसला. बहुजन समाजाने मगोला मतं दिली ती नकाशा बदलायची हौस म्हणून नव्हे. महाराष्ट्रात कुळकायदा होता, मराठी शाळा होत्या, भाटकाराला जाब विचारणारं कुणीतरी होतं. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, 1964 मध्ये कुळांसाठी कायदा आणला. विलीनीकरणाने जे मिळायचं, त्यातलं बरंचसं गोव्यातच मिळू लागलं होतं.

कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला. आज हे वाचताना मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. मुंबईतल्या गोवेकरांनाही मत हवं होतं. धोबी तलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, भिंतीला लावलेल्या आपापल्या पेट्यांच्या आधाराने राहणारे खलाशी, आचारी, वादक, असे हजारो लोक गावाशी बांधलेले होते. त्यांना मत मिळालं नाही.

आणि प्रचाराची भाषा? विलीनीकरणाविरुद्धची धार सर्वांत जास्त होती ‘राष्ट्रमत’ या दैनिकात, आणि ते मराठी दैनिक होतं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात मराठीतून यायचं, कारण हिंदू मतदाराशी छापील शब्दांत बोलायचं तर मराठीशिवाय मार्ग नव्हता. ‘गोव्याने मराठी नाकारली’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूने फुलाला भरघोस मतं पडली. सासष्टी आणि बारदेश दोन पानांच्या मागे उभे राहिले. पण नुसत्या ख्रिस्ती मतांवर पानांना एकूण मतदानाच्या (बाद मतं धरून) 54 टक्के मिळणं शक्य नव्हतं. हिंदूंपैकीही अनेकांनी गोवा वेगळा राहावा असंच सांगितलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि गोवेकरांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं. कुणाशी जोडलं जायचं आणि घर-जमीन कुणाच्या हाती सोपवायची, हे लोकांनी दोन वेगळे प्रश्न मानले आणि दोन वेगळी उत्तरं दिली.

भाषेचा प्रश्न त्या मतदानात नव्हताच, त्यामुळे तो सुटलाही नाही. साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोकणीला मान्यता दिली. डिसेंबर 1986 मध्ये राजभाषेच्या आंदोलनात रस्ते अडले, दंगली झाल्या, माणसं मेली. 4 फेब्रुवारी 1987 ला विधानसभेने राजभाषा कायदा केला: देवनागरीतली कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर करता येईल. 30 मे 1987 ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. रोमी लिपीला त्या कायद्यात जागा मिळाली नाही. मराठीला राजभाषा म्हणून घोषित करा ही मागणी आणि रोमीला मान्यता द्या ही मागणी, दोन्ही आजही गोव्याच्या दोन अंगांतून येतच असतात.