मिश्रीची डबी आणि पिशवीचं तोंड : सीमाभागातल्या कॅन्सरची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडी भागातल्या जुन्या घरांत मिश्रीची डबी असतेच. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि सकाळी चूल पेटायच्या आत तर्जनीने दातांना चोळत बसायचं. दात घासणं हे निमित्त. पहाटेपासून राबणाऱ्या बाईला त्याने तरतरी येते, भूक मारली जाते. म्हणूनच नुसतं ‘सोडा’ म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. १९८१ साली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच सुमारास वखारींतल्या बायकाही मजुरीसाठी संघटित झाल्या. दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या या बायका मालकासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी उभी केलेली ही एकजूट मला या विषयात फार मोलाची वाटते. कॅन्सरच्या तपासणीला अडतं ते यंत्रावाचून कमी आणि ‘चल, मीही येते’ म्हणणाऱ्या बाईवाचून जास्त.

ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने आधीच दाखवून दिली आहे. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घ्यायला कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लोकांना लक्षणंही सांगत गेले. तेवढ्यानेच गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे बायकांच्या भाषेत ‘पिशवीच्या तोंडाचा’, कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या ४९७ गावांत १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले : एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना फक्त माहिती मिळाली होती, तपासणी नाही. यावर पुढे टीका झाली आणि ती रास्तच होती.

सोबतीचं हे मोल जगात दुसरीकडेही कळलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांसाठी डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये सोबतीला एक माणूस द्यायला सुरुवात केली. कागद, तारखा, भीती या सगळ्यांतून तो रुग्णाला उपचारापर्यंत नेई. मोफत तपासणीही जोडीला होती. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३९ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं.

आपल्याकडे कागदांचा गुंता आणखी वेगळा. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सरकारी कागद कन्नडमध्ये आले, घरची बोली मराठी राहिली. कर्नाटकाचं मोठं सरकारी कॅन्सर रुग्णालय, किदवाई, बंगळुरूला. बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटर. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरवर, पण ते दुसऱ्या राज्यात आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड या राज्याचं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. गाठ घेऊन बसलेल्या बाईला या वादातलं काय कळणार?

२०१६ पासून तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाच्या कॅन्सरची, तर बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी व्हावी असं केंद्राचं धोरण आहे. गर्भाशयमुखाची तपासणी साधी आहे : सौम्य व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. त्याआधी मात्र आशाताईला घरोघरी फॉर्म भरावा लागतो. ती पडवीत बसते, कन्नड मजकूर मनातल्या मनात मराठी करते, मिश्रीचा प्रश्न सगळ्यांदेखत विचारते आणि ‘अंगावर जातं का? वास येतो का?’ हे मात्र सासू उठून आत गेल्यावर, आवाज खाली आणून.