डॉस तारीख-वेळ आणि तिचे रूपांतर

डॉस तारीख-वेळ म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली याची नोंद सोळा-सोळा बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) दोन आकड्यांत ठेवण्याची, एमएस-डॉस या जुन्या संगणकप्रणालीची पद्धत. डॉस कधीच मागे पडले, पण ही पद्धत टिकली. फॅट फाइलप्रणालीमुळे ती पेनड्राइव्हमध्ये आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात आहे, फाइली आवळून एकत्र ठेवणाऱ्या झिपमुळे जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे. त्यामुळे ही नोंद युनिक्सच्या किंवा विंडोजच्या कालगणनेत नेण्याचे काम प्रोग्रामरला आजही करावे लागते. त्यातले गणित सोपे आहे. चुका होतात त्या बहुतेक नोंदीत जे लिहिलेलेच नाही त्यामुळे.

तारखेच्या आकड्यात खालचे ५ बिट दिवसाचे, पुढचे ४ महिन्याचे आणि वरचे ७ वर्षाचे. वर्ष १९८० पासून मोजतात. ० म्हणजे १९८० आणि १२७ म्हणजे २१०७. वेळेच्या आकड्यात खालचे ५ बिट सेकंदांना, मधले ६ मिनिटांना आणि वरचे ५ तासांना दिलेले आहेत. पण ५ बिटांत ३१ च्या पुढचा आकडा मावत नाही आणि सेकंद तर ५९ पर्यंत जातात. म्हणून सेकंद निम्मे करून ठेवतात. डॉसच्या या नोंदीत विषम सेकंद कधी सापडत नाही तो यामुळेच.

१ मे २०२४, सकाळी १० वाजून ४५ मिनिटे ३७ सेकंद ही वेळ घेऊ. वर्ष ४४, महिना ५, दिवस १. वर्षाला ५१२ ने आणि महिन्याला ३२ ने गुणून दिवस मिळवला की २२५२८ + १६० + १ = २२६८९. वेळेसाठी तासाला २०४८ ने, मिनिटाला ३२ ने गुणायचे आणि ३७ च्या जागी १८ घ्यायचे : २०४८० + १४४० + १८ = २१९३८. हे आकडे उलट उलगडले की १०:४५:३६ मिळते. एक सेकंद गेला तो गेलाच. काही प्रोग्राम असे खाली उतरतात, तर काही पुढच्या सम सेकंदावर चढतात, त्यामुळे एकाच फाइलच्या दोन प्रतींच्या वेळा जुळत नाहीत. बॅकअप घेणाऱ्या साधनांत यासाठी सोय केलेली असते. आरसिंकला दोन वेळांमधला किती फरक चालेल ते सांगता येते, रोबोकॉपीत दोन सेकंदांच्या फॅट-वेळेचा वेगळा पर्याय आहे.

या रचनेतला एक गुण मात्र दाद देण्याजोगा आहे. वर्ष सर्वांत वर आणि सेकंद सर्वांत खाली असल्याने, तारखेचा आकडा वर व वेळेचा खाली ठेवून ३२ बिटांची एकच संख्या केली की नुसत्या संख्यांच्या तुलनेवर जुनी फाइल कोणती आणि नवी कोणती ते ठरते. काहीच उलगडावे लागत नाही.

युनिक्सची गणना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंदांत चालते. विंडोजची फाइलटाइम ही ६४ बिटांची गणना १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात चालते; ग्रेगोरियन कॅलेंडरचे ४०० वर्षांचे चक्र १६०१ ला सुरू होते म्हणून ते वर्ष. दोन्ही यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेवर, चालतात आणि त्यांच्या आरंभांत ११६४४४७३६०० सेकंदांचे अंतर आहे. ते मिळवायचे, एक कोटीने गुणायचे, की युनिक्सवरून फाइलटाइम तयार.

डॉसची नोंद यूटीसीत नसते. ज्या संगणकावर फाइल लिहिली त्याच्या घड्याळात जे वाजले होते तेच ती सांगते. ते घड्याळ पुण्याचे की लंडनचे याची नोंद कुठेही नसते. वरची वेळ भारतीय धरली तर साडेपाच तास वजा करून ०५:१५:३६ यूटीसी आणि युनिक्सचा आकडा १७१४५४०५३६ येतो. यूटीसीच धरली तर १९८०० सेकंदांची चूक होते. फाइलच्या वेळा नेमक्या साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसल्या, तर बिटांचे गणित तपासण्याआधी इथे पाहावे.

सी भाषेत उलगडलेले भाग एमकेटाइम या फंक्शनला दिले की ते स्थानिक वेळ मानते, टाइमजीएमला दिले की यूटीसी. दोन्हींसाठी महिन्यातून १ वजा करावा लागतो आणि वर्षात ८० मिळवावे लागतात, कारण तिथे महिने शून्यापासून आणि वर्षे १९०० पासून मोजतात. विंडोजचे डॉसडेटटाइमटूफाइलटाइम हे फंक्शन टाइमझोनला हात लावत नाही. त्यानंतर लोकलफाइलटाइमटूफाइलटाइम वापरण्याची पद्धत आहे, पण ते फाइलच्या तारखेचा नव्हे, आजचा उन्हाळी-हिवाळी फरक (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात तो) लावते. लंडनमध्ये जुलैतली फाइल जानेवारीत वाचली की वेळ तासाभराने चुकते. भारतात घड्याळे पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे इथे तपासलेला कोड निर्दोष वाटतो आणि परदेशी ग्राहकाकडे गेल्यावर दोष उघडा पडतो. शरद ऋतूत तिथली घड्याळे मागे करतात त्या रात्री दीडचा टोला दोनदा होतो, आणि डॉसच्या नोंदीवरून कोणता दीड हे कोणालाच सांगता येत नाही.

शून्याचीही काळजी घ्यावी लागते. तारखेचा आकडा ० म्हणजे महिना ० आणि दिवस ०, जे अवैध आहे. न तपासता पुढे पाठवले तर एमकेटाइम मागे सरकत ३० नोव्हेंबर १९७९ काढून देते. युनिक्सचा शून्य भारतीय घड्याळात १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० असा दिसतो. अशा तारखा दिसल्या की नोंद रिकामी आहे असे समजावे. शिवाय २१०० हे लीप वर्ष नाही आणि डॉसची मुदत २१०७ पर्यंत आहे, त्यामुळे चाराने भाग जातो की नाही एवढेच पाहणारा कोड अपुरा आहे.

झिपमध्ये पुढे जोडक्षेत्रे, म्हणजे जादा माहितीच्या जागा, आली आणि त्यांत यूटीसी वेळ ठेवता येऊ लागली. ते क्षेत्र असेल तर तेच प्रमाण मानावे. डॉसची नोंद दुसरे काही नसेल तेव्हाच वापरावी. फॅटनंतर आलेल्या एक्सफॅट या फाइलप्रणालीने जुनीच बिटरचना ठेवली, पण यूटीसीपासूनचे अंतर पाव-पाव तासांत सांगणारा एक बाइट जोडला. त्याचा सर्वांत वरचा बिट हे अंतर ग्राह्य आहे की नाही ते सांगतो. वरच्या उदाहरणातली फाइल भारतात एक्सफॅट कार्डावर लिहिली असती, तर उरलेल्या सात बिटांत २२ हा आकडा मिळाला असता.