इंजिन फिरतं, पण धरत नाही

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एप्रिल लागला की गवत आठवड्याला चार बोटं वाढतं आणि ऑक्टोबरपासून गॅरेजात उभ्या असलेल्या गवत कापायच्या गाड्या बाहेर निघतात. बसून चालवायची ही गाडी म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. पोटाखाली पाती, पुढे साधारण ५०० सीसीचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. यंदा शेजारच्या आजोबांची गाडी अडली. चावी फिरवली की स्टार्टर इंजिन जोरात फिरवायचा, पण इंजिन धरतच नव्हतं. त्यांनी नवी बॅटरीही आणून बसवली होती.

तो खर्च टाळता आला असता. स्टार्टर इंजिन झपाझप फिरवतो आहे, याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करताहेत. प्रश्न त्यापुढचा आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण यायला हवं, ते दाबलं जायला हवं आणि नेमक्या वेळी ठिणगी पडायला हवी. तिन्हींपैकी एक चुकलं तरी इंजिन नुसतं फिरत राहतं. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलण्याआधी यातलं काय चुकलंय ते शोधावं, कारण बिघाड बहुतेक वेळा आपली खूण मागे ठेवतो.

पहिली खूण कानांना कळते. दाब तयार होत असेल तर स्टार्टरच्या आवाजाला ठेका असतो, दर दाबाला तो जरासा अडखळतो. ठेका नसेल आणि इंजिन पंख्यासारखं सरसर फिरत असेल, तर झडप अडकली असेल किंवा तिला ढकलणारा दांडा वाकला असेल. दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावून मात्र फसगत होऊ शकते. स्टार्टरवरचा भार कमी व्हावा म्हणून यातल्या बऱ्याच इंजिनांत, इंजिन हळू फिरत असताना एक झडप मुद्दाम किंचित उघडी राहते. त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. आजोबांच्या इंजिनाचा ठेका व्यवस्थित होता.

मग ठिणगी पाडणारा प्लग काढला. एवढा बोलका साक्षीदार इंजिनात दुसरा नाही. भरपूर स्टार्टर मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही.

कोरड्या प्लगचं मूळ बहुतेकदा हिवाळ्यात असतं. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच. थंड इंजिनात ही वाफ देतात ते पेट्रोलमधले हलके घटक, आणि साठवणीत आधी उडून जातात तेही तेच. उरलेलं पेट्रोल हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात, म्हणजे जेटमध्ये, त्याचा डिंक बसतो. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. ते पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते, म्हणजे इंजिनाच्या वाट्याला आधी तेच येतं. आपल्याकडे भारतात पेट्रोलवर चालणारे पॉवर वीडर (तण काढायची यंत्रं) आणि पाण्याचे पंप हंगाम सरला की महिनोन् महिने उभे असतात. कार्बोरेटर तसाच, त्यामुळे दुखणंही तेच. हंगाम संपताना टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवणं, हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो.

प्लग कोरडा असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. बऱ्याच गाड्यांत कार्बोरेटरच्या वाटीखाली विजेवर चालणारी एक झडप असते. चावी ‘चालू’वर नेली की तिचा ‘टक्’ आवाज यायला हवा. तो आला नाही तर पेट्रोलची वाट बंदच राहते.

आजोबांचा प्लग मात्र ओलाचिंब होता. अशा वेळी आधी ऑइलची काडी ओढून बघावी. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई अडकली तर टाकीतलं पेट्रोल रात्रभर झिरपत ऑइलमध्ये उतरतं. काडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये, बेअरिंगं खराब होतात. इथे पातळी बरोबर होती. म्हणजे ठिणगीकडे बघायचं.

या इंजिनाची ठिणगी बॅटरीतून येत नाही. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, एक चुंबक बसवलेलं असतं आणि दर फेरीला ते कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, अगदी जवळून जातं. मधली फट असते जाड कागदाएवढी, सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच इथे घडतं: चुंबकाचं क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. कॉइलच्या आतल्या वेढ्यातला प्रवाह अचानक तोडला की बाहेरच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उभे राहतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. चुंबकावर ठिणगी पाडणारं असं उच्च व्होल्टेजचं यंत्र, म्हणजे मॅग्नेटो, १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी तयार केलं होतं. बॅटरी अशक्त असेल तर इंजिन मंद फिरतं, चुंबकही मंद जातं आणि ठिणगी मरते. आजोबांचा नव्या बॅटरीचा विचार तेवढ्यापुरता बरोबरच होता.

मग ही ठिणगी थांबवायची कशी? कॉइलपासून निघालेली एक बारीक तार गाडीच्या सांगाड्याला टेकवली की आतल्या वेढ्याची वीज तिथेच जिरते. चावी ‘बंद’वर नेल्यावर हेच होतं, आणि पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला तरी हेच होतं. ‘चालू’ करणं म्हणजे ही तार सांगाड्यापासून सोडवणं. म्हणूनच ती तार वाटेत कुठे सोलली आणि लोखंडाला टेकली, तर चावी कशीही फिरवा, कॉइलला वाटतं आपल्याला थांबायला सांगितलंय.

आम्ही पेट्रोल पुसून घेतलं, गॅरेजचं दार उघडलं आणि प्लगच्या वायरला ठिणगी तपासायचा टेस्टर लावून तो प्लगच्या भोकापासून लांब धरला. ठिणगी नाही. कॉइलवरची बारीक तार काढली आणि पुन्हा स्टार्टर मारला. निळी, कडक ठिणगी. म्हणजे कॉइल शाबूत होती, दोष तारेच्या वाटेवर होता. एवढं कळल्यावर ती तार लगेच परत जोडली, कारण ती सुटलेली असताना चालू झालेलं इंजिन चावीने थांबत नाही आणि चालवणारा पडला तरी पाती फिरत राहतात.

सीट उचलली. खाली उंदरांनी वाळलेल्या गवताचं घरटं केलं होतं आणि तारेचं आवरण दोन बोटं लांब कुरतडलं होतं. उघडं तांबं सांगाड्याला घासून चकचकीत झालं होतं. तेवढा तुकडा बदलला, नवी तार नळीत घालून वर बांधली, प्लग वाळवला, टाकीत ताजं पेट्रोल भरलं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिनाने धरलं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला, मग आवाज एकसारखा झाला. आजोबांनी पहिली फेरी सफरचंदाच्या झाडापर्यंत मारली.